त्याले जागा पायजे

गोंदियाजवळच्या मुर्रीला मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालक भर दुपारी बाराच्या उन्हात, डोक्याला ओला पंचा गुंडाळून, जमिनीत खुंट्या ठोकत होते. वैशाखातलं ऊन. गोंदियाकडचं वैशाखातलं ऊन ज्यानं खाल्लेलं नाही त्यानं मला उन्हाच्या गोष्टी सांगू नयेत. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा जरा मास्तरणीच्या आवाजात मारली, तेव्हा त्यांनी मान न वळवता नुसता हात वर केला.

"थांबा जी बाई. सावली पळून राहिली."

हे दसारामजी पटले. मुर्रीतले धानाचे शेतकरी, जातीनं पोवार. आपले पूर्वज माळव्यातून आले हे ते अशा थाटात सांगत, की जणू परवाच बैलगाडीतून उतरलेत. पन्नाशीचं वय, काटक अंग, बोलणं मोजकं. मी नागपूरहून बदलून आलेली, गोंदियाच्या मुलींच्या शाळेत सृष्टिज्ञान शिकवणारी. स्वातंत्र्य मिळून अजून वर्ष व्हायचं होतं, मी सव्वीस वर्षांची होते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती.

त्या दिवशी अक्ती होती, म्हणजे अक्षय्य तृतीया. दरवर्षी अक्तीला बरोबर बारा वाजता दसारामजी आपल्या बगीच्यातल्या वडाची सावली मोजत. सूर्य डोक्यावर आला की झाडाची सावली झाडाएवढीच पडते. त्या सावलीच्या कडेनं ते सागाच्या खुंट्या ठोकत. आतल्या बाजूला मागच्या वर्षीच्या खुंट्या, त्यांच्या आत त्याच्याही मागच्या. जुन्या खुंट्या वाळवीनं खाल्ल्या होत्या, पण त्यांच्या जागा दसारामजींना पाठ होत्या. खुंट्या झाल्यावर त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"तेवीसवं लागलं त्याले," ते म्हणाले. "औंदा दोन हात सरकला."

मी म्हटलं, "खोली दाखवता का?"

रस्त्याकडच्या दोन खोल्या मला मिळाल्या. मागे अंगण, अंगणापलीकडे स्वयंपाकघर आणि एक शेवटची खोली, आणि त्या खोलीच्या मागे दोन एकरांचा बगीचा. बगीचा म्हणायचा, इतकंच. मध्यभागी तो वड, बारा महिने हिरवागार, आणि बाकीची झाडं आपली गुन्हा केल्यासारखी कुंपणाला चिकटून उभी. कारण खुंट्यांच्या आत जे येईल ते दसारामजी काढून टाकत. आधी लिंबू गेलं, मग डाळिंब, मग केळी. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी फळांनी लगडलेला कलमी आंबा स्वतःच्या हातानं तोडला. दसारामजींच्या बायकोनं, भागरथाकाकींनी, त्या वर्षी लोणच्यासाठी शेजारून कैऱ्या आणल्या. शेजारी हसले, गावानं नावं ठेवली. मलाही राहवलं नाही, मी बोलले, "काकाजी, फळाचं झाड तोडून बिनफळाचं वाढवायचं, हा कुठला न्याय?"

"त्याले जागा पायजे ना जी," ते म्हणाले. दुसरं उत्तर त्यांच्याकडे नव्हतंच. कुठल्याही प्रश्नाला हेच.

पहिल्याच महिन्यात मी एक प्रताप केला. कपडे वाळत घालायला दोरी हवी होती, म्हणून एक भलामोठा खिळा वडाच्या बुंध्यात ठोकला. संध्याकाळी दसारामजींनी तो पाहिला. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खिळ्याकडे पाहत उभे राहिले, मग हातानं हलवून हलवून तो काढला. बोटं सोलवटली. तिथं शेण लिंपलं. चौथ्या दिवशी माझ्या दारासमोर दोन बांबू रोवून त्यांना दोरी बांधून दिली आणि म्हणाले, "त्याले लोखंड लावू नका, बाई. बाकी तुमचंच घर हाये."

एवढं काय ते, असं मला वाटलं. कारण नंतर काकींकडून कळलं.

काकी बोलायला मोकळ्या. घरात दोघं आपसांत पोवारीत बोलत, माझ्याशी झाडीबोलीत. एकदा तांदूळ पाखडता पाखडता त्या म्हणाल्या, "आमच्या घरचा माणूस म्हणजे धानाचा माणूस, बाई. बिसन झाला तवा त्याची नाळ बगीच्यात गाडली अन् त्यावर यायनं वडाचं रोप लावलं. भोवती बांध घातला, धानाच्या बांधीसारखा, अन् दिलं पाणी भरून! सडलं रोप. दुसरं लावलं, तेबी सडलं. तिसरं बी बुडवून मारलं. मंग चवथं आमी दोघांनी धरून लावलं. म्हणलं, आता पाण्याले हात लावाल तर खबरदार!"

मी हसले. त्याही हसल्या. मग त्यांचा सुपातला हात थांबला.

बिसन हा त्यांचा एकुलता एक मुलगा. सातव्या वर्षी देवी आल्या आणि गेला. त्यानंतर मूल झालं नाही.

ती मागची खोली बिसनची. काकी तिथंच झोपत. खोलीत काही नव्हतं, एक बाज आणि मातीच्या भिंती. पण मागच्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, गेरूनं काढलेला एक बैल होता. पोळ्याच्या दिवशी बिसननं बोटानं काढलेला. पाच पायांचा. "म्हणलं, कायले रे पाच पाय? त बोलते कसा, एक थकला त दुसरा हाये ना!" हे सांगताना काकी दर वेळी पदर तोंडाला लावत, हसू आहे की रडू हे मला कधी कळलं नाही. दिवाळीला सगळं घर पांढऱ्या मातीनं पोतारायचं, पण त्या बैलाच्या कडेनं काकींचा हात अलगद वळे. वर्षानुवर्षांच्या पोतारण्यानं भोवतालची भिंत बोटभर जाड झाली होती आणि बैल एका खोबणीत बसल्यासारखा दिसे.

त्या घरातली एक गोष्ट लक्षात यायला मला वर्ष लागलं. दसारामजी त्या खोलीत कधी पाऊल टाकत नसत. आणि काकी वडाखाली कधी जात नसत. दोघांनी पोरगा वाटून घेतला होता, एकानं झाडात ठेवला, एकीनं भिंतीत.

यापुढचं सांगताना मला लाज वाटते, कारण यापुढे माझा शहाणपणा आहे.

एका वैशाखात काकींना ऊन लागलं. ती खोली पश्चिमेची, कवेलूचं छप्पर बुटकं, दुपारी आत नुसती भट्टी. ताप चढला, बरळू लागल्या. दोन दिवस मी आणि शेजारच्या बाया कांद्याचा रस चोळत बसलो. दसारामजी उंबऱ्याबाहेर उकिडवे बसून होते. "तिले सांगा ना जी, समोरच्या खोलीत निजाले," ते मला म्हणाले. काकी हलतात कसल्या! बऱ्या झाल्या आणि पुन्हा त्याच बाजेवर.

दसारामजी वडाच्या फांदीकडे पाहत म्हणाले, "तो तिथलोक गेला असता त सावली झाली असती."

फांदी त्या दिशेनं गेलेली होतीच, पण लांब आणि जड. आणखी वाढली तर मोडणार. झालं, उंटावरची शहाणी बोलली! मी म्हटलं, "काकाजी, पारंब्या जमिनीत उतरवल्या तर फांदीला खांब मिळेल. बांबू उभा चिरायचा, आतल्या गाठी काढायच्या, पारंबी मध्ये घ्यायची, माती भरून पुन्हा बांधायचा. पारंबी त्यातून सरळ खाली येते." हे मी कुठल्याशा शेतकी मासिकात वाचलं होतं. करून कुणी पाहिलंय?

दसारामजींनी करून पाहिलं. सहा बांबू, खोलीच्या दिशेनं एका रांगेत. आत बांधीतला चिखल आणि शेणखत, सुतळीनं आवळलेलं. रोज शिडी लावून वरून लोटाभर पाणी. शाळेतून आल्यावर मी बघायला जाई आणि ते मला एकेका पारंबीची खबर देत, कोणती वीतभर उतरली, कोणती हट्ट करून राहिली. माणूस तरतरीत झाला होता. आणि मग, माझ्या मासिकात नसलेली एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या डोक्यानं केली. विहिरीपासून एक पाट काढला आणि तो खोलीच्या मागच्या भिंतीच्या अगदी कडेनं नेला.

"मुळाले पाणी दाखवा लागते," ते म्हणाले. "पाणी दिसलं का तो येते."

धानाचा माणूस. पाण्याशिवाय त्याला दुसरी माया माहीत नव्हती. मातीच्या भिंतीच्या पायाशी पाणी वाहतं आहे हे मला दिसत होतं, मी सृष्टिज्ञान शिकवत होते, आणि तरी मी बोलले नाही. माझ्या बांबूंचं मलाच एवढं कौतुक होतं! आजही तो पाट आठवला की मला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

चार वर्षांत पारंब्या मांडीएवढ्या झाल्या. फांदी पुढे सरकली, आणि एका अक्तीला सावलीची कड खोलीच्या कवेलूंवरून पलीकडे गेली. त्या वर्षी खुंट्या ठोकायला जागाच नव्हती. त्या दुपारी काकी मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, वर पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बरं केलं जी तुमी." एवढंच. दसारामजींनी ते वाक्य मला संध्याकाळपर्यंत चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा सांगायला आले तेव्हा मी म्हटलं, "कळलं काकाजी, कळलं!" तर लाजले. दोन उन्हाळे काकी तिथं गार झोपल्या. त्या घरातली सुखाची वर्षं तेवढीच.

तिसऱ्या वर्षी बैलाच्या पाठीवर केसाएवढी भेग दिसली.

तोवर आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो होतो. घर जिथल्या तिथं आणि राज्य बदललं, म्हणून गावात लोक हसत होते. काकी मात्र रोज सकाळी भेगेत बोट घालून बघत. मातीनं बुजवत. आधी महिन्यातून एकदा बुजवावी लागे, मग आठवड्यातून. खोलीची जमीन भिंतीकडे फुगली. दसारामजींनी बाहेरून खणून पाहिलं तर पाटाच्या वाटेनं आलेलं एक मूळ, मनगटाहून जाड, थेट भिंतीच्या पायात शिरलेलं.

त्यांनी पाट बुजवला. मग बगीच्याच्या दुसऱ्या टोकाला नवा चर खणला आणि त्यात पाणी भरून ठेवलं. रोज संध्याकाळी त्या चराशी बसून ते वडाशी बोलत. मी विहिरीवर पाणी आणायला गेले की ऐकू येई, "इकडं ये ना गा. इकडं बम पाणी हाये. तिकडं कायले जातेस? तिकडं तुही माय निजते." मला हसू यायचं, आणि घागर अर्धीच भरून मी परत फिरायचे.

मूळ कशाला ऐकतंय! भेग बैलाच्या पोटापर्यंत आली. पुढचे पाय एकीकडे, मागचे एकीकडे, आणि पाचवा पाय भेगेतच.

मी पुन्हा शहाणपणा केला. म्हटलं, "काकी, पातळ कागद लावून मी बैल गिरवून देते. चौकट करू." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. "त्याचं बोट भितीले लागलं होतं, बाई. कागदाले नाई."

शेवटी एका दुपारी त्या अंगणात नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "मूळ तोडा."

दसारामजींनी वर झाडाकडे पाहिलं.

"आंबा तोडला तवा हात थरथरला नाई तुमचा. एक मूळ तोडाले का होते? माहा पोरगा त्या भितीत हाये."

"अन् माहा?" ते म्हणाले.

दोघंही खरं बोलत होती. आपलेच दात, आपलेच ओठ. मी माझ्या खोलीत वह्या तपासत बसले होते, एक ओळ पुढे सरकेना.

पंधरा दिवस असेच गेले. मग दसारामजींनी मंगलूला बोलावलं. मंगलू सालेकसाच्या जंगलातला, झाडं तोडण्यात हात बसलेला, बोलायला त्यांच्याहून कमी. त्यानं उघडं पडलेलं मूळ पाहिलं, भिंत पाहिली, वर झाड पाहिलं.

"काम अर्ध्या घडीचं हाये," तो म्हणाला. "पण पहिला घाव झाड लावणाऱ्याचा. मंग मी."

"काऊन गा?"

"झाडाले समजलं पायजे ना जी, का घरच्यायनंच सांगतलं. नाई त मी चोर ठरतो."

हे त्याच्याकडचं रीतीचं बोलणं. त्यात बदल होणार नव्हता. त्यानं आपली कुऱ्हाड दसारामजींच्या हातात दिली आणि बाजूला झाला.

दसारामजी मुळासमोर उभे राहिले. कुऱ्हाड उचलली, खांद्यापर्यंत आली, खाली टेकवली. पुन्हा उचलली. तिसऱ्यांदा उचलली तेव्हा त्यांच्या गळ्यातून एक आवाज आला. मोठ्या माणसाच्या गळ्यातून तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "हात उचलत नाई जी," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, कोण जाणे. मी तिथंच उभी होते. काय करणार होते मी? माझ्याकडे मासिकं होती.

तेवढ्यात काकी मागच्या दारातून बाहेर आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या वडाखाली आल्या, अनवाणी, सरळ चालत. "आणा इकडं. चवथं रोप मीबी धरलं होतं." मंगलूनं मान हलवली. म्हणाला, "चालते."

त्यांनी कुऱ्हाड दोन्ही हातांनी घेतली आणि मारली. घाव बसला बेताचाच, दोन बोटं खोल. पण त्यातून पांढरा चीक आला. भसाभस आला, मुळावरून ओघळला, काकींच्या मनगटावर उडाला. मंगलूनं दुसरा घाव घालायला कुऱ्हाड घेण्यासाठी हात पुढे केला. काकींनी आपला हात आडवा धरला.

"राहू दे गा," त्या म्हणाल्या. "राहू दे, राहू दे."

मनगटावरच्या त्या थेंबांकडे त्या पाहत होत्या. मग मटकन खाली बसल्या. दसारामजी त्यांच्या शेजारी बसले. "तुमाले नाई जमलं," काकी म्हणाल्या, "मलेबी नाई जमलं." मंगलू पाणी प्यायला, कुऱ्हाड पुसली आणि निघून गेला. झाडाला कळायचं ते कळलं असेल.

भिंत श्रावणात पडली. दिवसाउजेडी, मी शाळेत असताना. काकी स्वयंपाकघरात होत्या, म्हणून वाचल्या. मी आले तेव्हा खोलीला मागची बाजूच नव्हती. नुसता चिखलाचा ढीग, त्यावर कवेलूंचे तुकडे, आणि पलीकडे वड. दसारामजी माझ्या देखत पहिल्यांदा त्या खोलीत उभे होते. चिखलातून गेरूचे लाल खडे वेचून पंच्यात गोळा करत होते. काकींनी त्यांच्या हातातून पंचा घेतला आणि खडे परत ढिगात टाकले. "भितीतली माती भितीत जाईन," त्या म्हणाल्या. ढिगावर त्यांनी बांबूचे तट्टे झाकले आणि पावसाळा, हिवाळा त्याला कुणाला हात लावू दिला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली, अमरावतीला. महाराष्ट्र नुकताच झाला होता, गोंदियाच्या बाजारात पताका होत्या. सामान टांग्यात चढवलं आणि निरोप घ्यायला मागे गेले.

दोघं चिखल तुडवत होती. त्याच ढिगाची माती भिजवून, त्यात धानाचा कोंडा टाकून, लुगडं आणि धोतर गुडघ्यावर खोचून, दोघं त्या खोलीच्या जागी गोल गोल फिरत होती. वर सगळीकडे वडाची सावली. नवी भिंत मांडीएवढी उठली होती. ते मूळ, काकींच्या घावाची जागा भरून येऊन आता पोटरीएवढं झालेलं, बाहेरून येऊन भिंतीच्या रेषेवरून खोलीत शिरलं होतं. त्याच्या दोन्ही बाजूंना भिंत थांबलेली होती.

"काकी, निघते," मी म्हटलं.

त्यांनी चिखलाचे हात बाजूला धरून मला जवळ घेतलं. दसारामजींनी नुसते हात जोडले. रस्त्यावरून टांगेवाला ओरडला, "बहनजी, गाडी छूट जाएगी!"

मी वळले, तर काकींनी हाक मारली. त्या मुळापाशी उकिडव्या बसल्या होत्या.

"बाई, औंदा भोक सोडूनच भीत घालून राहिलो. तो येईनच. तुमी शिकलेल्या. सांगून जा, भोक केवढं ठेवू?"

मला उत्तर माहीत होतं. कितीही ठेवा, तो भरणार, आणि मग भिंत पुन्हा फुटणार. मी दसारामजींकडे पाहिलं. तेही माझ्या तोंडाकडे पाहत होते. बारा वर्षं मी यांना सल्ले देत आले होते. मी दोन्ही हात समोर धरून एक माप दाखवलं, उगाच, काहीतरी.

काकींनी ते माप नीट पाहिलं, मान हलवली, आणि मातीचा गोळा मुळापासून त्याहून वीतभर लांब ठेवला.